औंधचं संग्रहालय उभारणारे राजे भवानराव पंतप्रतिनिधी कोण होते? हौशी संस्थानिक होते, एवढंच ऐकलंय. पुण्याहून एका दिवसात पाहून होईल का?

होईल. पहाटे निघा, साताऱ्यावरून रहिमतपूरमार्गे औंध. यमाईच्या डोंगरावर अर्ध्या वाटेत संग्रहालय आहे. आता ते 'हौशी'चं बघू, कारण हाच शब्द आमच्या दाजींनी माझ्या आजोबांसमोर वापरला होता आणि तो मी अजून विसरलेलो नाही.

आमचं गाव आटपाडीकडचं, म्हणजे औंध संस्थानातलं. ७०-७५ गावांचं संस्थान, तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये राजेसाहेबांनी सत्ता रयतेच्या हाती देण्याचं जाहीर केलं आणि जानेवारी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने तशी घटना आली. खाली गावपंचायती, त्यांच्यातून वरचं मंडळ. मत द्यायचं तर लिहिता-वाचता यायला हवं, अशी अट होती. आजोबा तेव्हा पंचविशीत, शाळेचं तोंड न पाहिलेले. दिवसभर मेंढरांमागे आणि रात्री देवळात कंदिलाखाली धुळाक्षरं. म्हणायचे, "राजानं मागितलं म्हणून शिकलो."

मी कॉलेजात असताना त्यांना आणि दाजींना घेऊन औंधला गेलो. आजोबा रविवर्म्याच्या 'सैरंध्री'समोर थांबले ते हलेनात. चित्राखालच्या पाटीवर बोट धरून वाचत होते. सै... रं... आणि 'ध्री'वर अडले. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा जमलं. मग मला म्हणाले, "विराटाघरची द्रौपदी रं ही. कीचकाकडं धाडली ती." दाजी मागून म्हणाले, "म्हाताऱ्याला चित्रातलं काय कळतंय, चला. रयतेच्या पैशावर राजाची हौस, दुसरं काय!" आजोबा काही बोलले नाहीत. टोपी काढून हातात धरली होती, ती तशीच धरून बाहेर आले.

तेव्हा मलाही उत्तर सुचलं नाही. आज देतो.

नुसती हौस असती तर ही चित्रं वाड्यातल्या दिवाणखान्यात राहिली असती. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते. जमवलेलं सगळं डोंगरावर नेऊन त्यांनी लोकांसाठी मांडलं, तेही १९३८ सालीच. ज्या वर्षी संग्रह लोकांना उघडला, त्याच वर्षी राज्यही देऊ केलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला, म्हणजे जुन्या हस्तलिखितांवरून ताडून काढलेल्या संहितेला, १ लाख रुपये देऊ करणारे हेच. बेळगावहून उठावं लागलेल्या कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कुंडलच्या माळावर जागा देणारेही हेच. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची बिनभिंतींची वसाहतही याच राजवटीत उभी राहिली. "संस्थानं जाणारच होती, म्हणून दिलं" असं दाजी म्हणतात. १९३८ मध्ये हे कुणाला ठाऊक होतं? शेजारचे संस्थानिक तेव्हा काय करत होते, ते दाजींनी सांगावं.

शेवटी राजा तो राजाच, हेही खरं. त्यांनी संस्थानात केलेली सूर्यनमस्कारांची सक्ती अनेकांना जाचली असेल. साक्षरतेच्या अटीमुळे गावातले कितीतरी जण मताला मुकले, त्यांत माझी आजीही होती.

संग्रहालय आता राज्य सरकारकडे आहे. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प बघायला परदेशातून माणसं येतात, तेही बघाच. पण सोबत कुणी म्हातारं माणूस असेल आणि ते एखाद्या पाटीवर बोट धरून थांबलं, तर त्याला घाई करू नका.