पावसाळाभर उभ्या असलेल्या जुन्या मारुती 800 च्या इंजिनातून कटकट आवाज येतोय. इंजिन खोलावं लागेल का?

लगेच नाही. आणि जो कुणी गाडी न तपासता 'इंजिनकाम निघालं' म्हणतोय, त्याला आधी फॅनबेल्ट (इंजिनाच्या बाहेरच्या पुल्यांवर फिरणारा पट्टा) काढून इंजिन चालू करून दाखवायला सांगा.

तुम्ही लिहिलंय ते असं: 2005 ची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी) 800, मेपासून मालवणजवळच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये उभी. गणपतीला आल्यावर नवी बॅटरी घालून चालू केली. आधी किंचाळल्यासारखा आवाज आला, तो थोड्या वेळाने थांबला, पण बारीक कटकट सुरूच आहे. तेलाचा लाल दिवा चालू केल्यावर विझतो. ही शेवटची गोष्ट तुम्ही लिहिलीत हे बरं केलंत, कारण तो दिवा पेटलेलाच राहिला असता तर मी 'चावी काढा आणि हात लावू नका' एवढंच लिहिलं असतं.

माझं कुडाळकडे छोटं गॅरेज आहे. गणपती आणि दिवाळीला चाकरमान्यांच्या अशा गाड्या येतातच. त्यांतल्या फार थोड्यांचं इंजिन खरोखर गेलेलं असतं. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात खारा वारा. उभ्या गाडीत आधी सडतात त्या इंजिनाला बाहेरून लावलेल्या वस्तू: पुल्या, बेअरिंगं, सायलेन्सर. आतल्या भागांवर तेलाचा हात असतो, ते त्या मानाने तग धरतात.

पुन्हा सेल्फ मारण्याआधी तेलाची पट्टी बघा. तेल दुधाळ, चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी आहे. गाडी चालू करू नका. फक्त तेलाच्या झाकणाच्या आतून पांढरट साय असेल आणि पट्टीवर तेल स्वच्छ असेल, तर ती बहुतेक दमट हवेची कृपा. तरी तेल आणि फिल्टर बदलून टाकाच.

किंचाळीचं उत्तर सोपं आहे. पुलीच्या खाचेत गंज धरतो, त्यावर बेल्ट घसरतो, दोन-चार मिनिटांत गंज घासून निघतो आणि आवाज थांबतो. पण त्या गंजाने बेल्टची कड खाल्लेली असते. बेल्ट वळवून आतल्या बाजूला चिरा दिसतात का बघा. दिसल्या तर बदला. 800 मध्ये अल्टरनेटर आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतात, म्हणजे हायवेवर तो तुटला तर चार्जिंगबरोबर इंजिनाचं पाणीही फिरायचं थांबतं.

आता कटकट. इंजिन थंड असताना बेल्ट काढा आणि अर्धा मिनिट, जास्त नाही, इंजिन चालवा. बॅटरीचा दिवा पेटेल, तो पेटायलाच हवा. आवाज गेला तर दोष अल्टरनेटरच्या किंवा वॉटर पंपाच्या बेअरिंगमध्ये. पुली हाताने फिरवून, हलवून बघितली की कुठल्या ते कळतं. एसी असेल तर त्याच्या कॉम्प्रेसरचा बेल्ट वेगळा असतो, तोही काढून बघा. अर्ध्या तासाचं काम, खर्च जवळपास शून्य, आणि तरीही लोक हे सोडून थेट हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलायला बसतात.

बेल्ट काढूनही आवाज राहिला तर लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या. टोक टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावर, मूठ कानाच्या हाडाला. (बाहीचं बटण लावा, ओढणी-गमछा काढून ठेवा, पुलीपासून लांब राहा.) मग तेच टोक खाली तेलाच्या चेंबरला लावा. वर जास्त ऐकू आलं तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग. त्यांना हलवणारा कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून टॅपेटची टकटक इंजिनाच्या वेगापेक्षा संथ वाटते आणि हलकी, शिलाई मशीनसारखी असते. गाडी उभी असताना एखादा व्हॉल्व्ह उघडाच राहिलेला असतो. तिथून दमट हवा शिरते, व्हॉल्व्हच्या दांड्यावर गंज येतो, तो अडकत चालतो आणि टॅपेटमध्ये फट पडते. नवं तेल घालून, रेस न देता, पंधरा-वीस मिनिटं इंजिन गरम होऊ दिलं की पुष्कळदा हे आपोआप सुटतं. नाही सुटलं तर 800 चे टॅपेट स्क्रूने सेट होतात. त्याला हेड उतरवावं लागत नाही.

टॅपेटची हुबेहूब नक्कल करणारा एक चोर आहे: एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या सांध्यातली पट्टी. तिथून धूर फुटला की अगदी तसंच टिकटिक वाजतं. थंड इंजिनला जास्त, गरम झाल्यावर लोखंड फुगून फट मिटते तसं कमी. सांध्यावर काजळीचा काळा डाग दिसतो. हाच आवाज टॅपेटचा समजून लोकांनी टॅपेट दोन-दोनदा सेट करून घेतलेले मी पाहिलेत.

उंदरांना विसरू नका. एअर फिल्टरचा डबा उघडा. आत सुकी पानं, काथ्या, कधी सुपाऱ्या निघतात. प्लगची वायर कुरतडली असेल तर ठिणगी बॉडीवर उडून टकटक वाजते, आणि तीन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर पेटायचा चुकला की गाडी अंग झाडते. काळोखात दिवे बंद करून, बोनेट उघडं ठेवून इंजिन चालू ठेवा, निळी ठिणगी दिसते. हात लावू नका, जबर झटका बसतो. आवाज इंजिन तापल्यावर येत असेल आणि मध्येच आपोआप थांबत असेल तर तो रेडिएटरच्या पंख्याचा. जाळीत काहीतरी अडकलंय.

क्लच दाबल्यावर आवाज बदलत असेल तर गोष्ट क्लचच्या बेअरिंगची, इंजिनाची नाही. फक्त चढावर रेस दिल्यावर खडखड होत असेल तर टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा संशय घ्या. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जुनं काढा, नवं भरा.

घाबरायचं ते एकाच आवाजाला. खालून येणारा, जड, ठक-ठक, जो रेस दिली की वाढतो आणि ॲक्सिलरेटर सोडताना जास्तच ठळक होतो. ते कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. तुमच्या वर्णनात तसं काही नाही. पण स्क्रू ड्रायव्हर चेंबरला लावल्यावर तसं ऐकू आलं, तर इंजिन त्याच क्षणी बंद करा आणि गाडी टोचन करून गॅरेजला न्या. 'एवढं कणकवलीपर्यंत चालवत नेऊ' असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका.