सातचा आकडा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. १९५७ ची शेवरलेट बेल एअर, उघड्या टपाची, देखणी झाली आहे. मागच्या डाव्या पंखाच्या क्रोमपट्टीमागे दडलेलं पेट्रोलचं झाकणसुद्धा नीट बसवलंस. पण तुझा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत कोंबलेला आहे. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव ठोकळा, १९६७ चा. ओतकामाच्या तारखेत वर्षाचा फक्त शेवटचा आकडा असतो, तो ७. मग विक्रीच्या जाहिरातीत ‘मूळचं इंजिन’ असं लिहिलं तर कुणाला कळणार?

सांगून टाक.

कळणार तर आहेच. २८३ क्युबिक इंचांचं हे इंजिन १९५७ पासून १९६७ पर्यंत निघालं. पण १९५७ च्या ब्लॉकला माउंटिंग, म्हणजे इंजिन गाडीत बसवायची जागा, पुढच्या तोंडावर. कुशीला माउंटिंगची भोकं आली ती १९५८ पासून. जाणकार माणूस तारीख वाचायच्या आधी कुशीवरून बोट फिरवतो. तीन भोकं लागली की खेळ संपला. आणि तो मशीनशॉपवाला इंजिनावरचा पॅड, म्हणजे शिक्के मारायची सपाट जागा, घासून नवे शिक्के मारून देतो म्हणतोय ना, त्याच्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस. त्या काळी शेवरलेटच्या या इंजिनांवर गाडीचा नंबर मारतच नसत. ‘नंबर जुळतात’ म्हणणारा काय जुळवून दाखवणार आहे?

मी एवढा का चिडतोय? मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते दाराखालच्या पत्र्यात शिरतं. माझी पहिली उघडी गाडी १९५५ ची. तिथे पत्रा उरलाच नव्हता. मी पत्र्याच्या जागी लांबी, म्हणजे भरायचं लुकण, भरली, घासली, वर रंग मारला. टप नाही म्हणून या गाड्यांच्या चासीला एक्सच्या आकाराची जादा जोड देतात, दाराखालचा पत्राही भार पेलतो. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. एक म्हातारा गिऱ्हाईक आला. गुडघ्यावर बसला, खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं, दाराखाली टेकवलं. ते त्याच्या तळहातात पडलं. जरा पुढे टेकवलं, पुन्हा पडलं. त्याने रुमालाची घडी घातली, ‘रंग छान आहे’ म्हणाला आणि गेला. ओरडला असता तर मी भांडलो तरी असतो.

मला पैशांची नड होती, हे खरं. तेव्हा सगळेच लांबी भरत, हेही खरं. (तुला हे का पटवत बसलोय, देव जाणे.) पुढच्या महिन्यात गाडी दुसऱ्याला विकली. त्याने चुंबक आणलं नव्हतं. मीही तोंड उघडलं नाही.

तेव्हापासून रंगाआधीचे, उघड्या पत्र्याचे सगळे फोटो गाडीबरोबर देतो. गाड्या महिनोन् महिने पडून राहतात, कमी पैशांत जातात. बायको म्हणते, तुमची जाहिरात म्हणजे आजाऱ्याचा केसपेपर. म्हणू दे! तळाचा पत्रा नवा घातलास? सांगून टाक. ब्लॉक १९६७ चा? पहिल्याच ओळीत सांगून टाक. संग्राहक नाक मुरडतील, किंमत उतरेल, तुला रडू येईल. येऊ दे. तेच इंजिन चालवायला गुणी आहे, ते बघणाराही कुणी भेटेल.

उद्या गाडी स्टँडवर चढव, दिवा धर आणि त्या तीन भोकांचा फोटो काढून मला पाठव. जाहिरातीचा मजकूर मग लिहू.

तुझा,
काका