गॅलरीतून : फर्ग्युसन गेले, पण सोबत कोण कोण गेलं?

प्रश्न : मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाल्यापासून मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबला धड मॅनेजर मिळत नाही. लिव्हरपूलनं मात्र मॅनेजर क्लॉपच्या जागी फारसं नाव नसलेला स्लॉट आणला आणि पहिल्याच वर्षी लीग जिंकली. हा नशिबाचा खेळ का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुम्ही कोल्हापूरचे, म्हणजे सामना हरला की शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून कोचला काय काय ऐकावं लागतं ते मी सांगायला नको. पण 2013 चा उन्हाळा आठवा. फर्ग्युसन निवृत्त झाले, त्याच वेळी क्लबचा कारभार बघणारे डेव्हिड गिलही गेले. संघ बांधणारा आणि सौदे जमवणारा, दोघंही एकदम! नवे मॅनेजर मोयेस, त्यांना फर्ग्युसननीच निवडलं, 6 वर्षांचा करार मिळाला. हाताशी काय, तर फर्डिनांड 34 वर्षांचा, एव्रा 32चा, गिग्ज चाळिशीला टेकलेला. त्या उन्हाळ्यात मोठी खरेदी एकच, फेलैनी, तीही खेळाडू विकत घेण्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी. वर मोयेसनी जुना कोचिंग स्टाफ बदलला. इथे मात्र मी त्यांना सूट देणार नाही.

फेब्रुवारी 2014 मधला फुलहॅमचा सामना बघितला असेल तर आठवत असेल. समोर तळाला गेलेला संघ, मैदान घरचं, आणि युनायटेडनं ऐंशीच्या वर क्रॉस टाकले. चेंडू बाजूला न्यायचा, तिथून गोलपुढे उचलून टाकायचा, पुन्हा तेच. सामना 2-2. फुलहॅमच्या बाकावर कोण? रेने मोलेनस्टीन, फर्ग्युसनच्या हाताखालचा कोच, मोयेस आल्यावर बाहेर पडलेला. एप्रिलमध्ये मोयेसना नारळ मिळाला.

आता लिव्हरपूल. मी युनायटेडवाला, त्यामुळे कौतुक करताना जीभ जड होते. क्लॉपनी जानेवारी 2024 मध्येच जाहीर केलं की हंगाम संपला की मी निघालो. क्लबनं मार्चमध्ये आधी पूर्वीचे स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजे खेळाडूंची खरेदीविक्री बघणारे, मायकेल एडवर्ड्सना परत आणलं, रिचर्ड ह्यूजना स्पोर्टिंग डायरेक्टर केलं. मॅनेजर त्यानंतर. सगळ्यांच्या तोंडी शाबी अलोन्सोचं नाव होतं, तो लेव्हरकुसेन या जर्मन क्लबचा कोच, तिथेच थांबला. मग फायनुर्डला 2023 मध्ये डच लीग जिंकून देणारा स्लॉट आला, तोही ‘हेड कोच’ म्हणून. खरेदीविक्रीचा व्याप त्याच्या डोक्यावर नाही. क्लबला हवा असलेल्या मिडफिल्डर झुबिमेंडीनं यायला नकार दिला, तर त्यानं क्लॉपकडे बराचसा बाकावर बसलेल्या ग्राफेनबर्कला बचावफळीच्या पुढे उभं केलं आणि हंगाम काढला. 4 सामने शिल्लक असताना लीग खिशात! पुढच्या उन्हाळ्यात विर्ट्झ, इसाक वगैरे नवी भरती झाली, घडी विस्कटली, आणि हाच स्लॉट लीगमध्ये सलग 4 सामने हरला. तेव्हा नुसत्या मॅनेजरच्या नावावर जाऊ नका.

प्रश्न : क्लबच्याच जुन्या खेळाडूला मॅनेजर करावं का? लोकांचं प्रेम तरी मिळतं. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : प्रेम मिळतं, तोच धोका. युनायटेडचाच जुना खेळाडू सोल्शेर डिसेंबर 2018 मध्ये हंगामी मॅनेजर म्हणून आला, पहिला सामना कार्डिफविरुद्ध 5-1 जिंकला, ओळीनं 8 जिंकले. मार्चमध्ये पॅरिसला जाऊन तिथल्या पीएसजी क्लबला 3-1 असं चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलं, रॅशफोर्डची पेनल्टी भरपाई वेळेत. लोक वेडे झाले, आणि त्याच महिन्यात त्याला 3 वर्षांचा करार देऊन टाकला. मे महिन्यात तेच कार्डिफ, लीगमधून खाली घसरलेलं, युनायटेडच्या घरी, ओल्ड ट्रॅफर्डवर, 2-0 जिंकून गेलं. हंगामी माणूस ठेवला होता ना, मग हंगाम तरी संपू द्यायचा!

प्रश्न : फर्ग्युसननाही सुरुवातीला साडेतीन वर्षं काही जिंकता आलं नव्हतं. मग सगळ्यांनाच वेळ का देऊ नये? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हा दाखला प्रत्येक बुडत्या मॅनेजरचे पाठीराखे देतात. 1986 मध्ये ते आले तेव्हा ॲबरडीनला 3 वेळा स्कॉटिश लीग जिंकून देऊन आले होते, 1983 मध्ये रेआल माद्रिदला हरवून युरोपातला कपही आणला होता. आणि वर निकाल लागत नव्हते तेव्हा खाली पोरं शोधण्याचं, घडवण्याचं काम जोरात चालू होतं. 1992 ला त्याच पोरांनी एफए युथ कप जिंकला. असं काही खाली चाललेलं दिसत असेल तर द्या की वेळ. नुसतं पत्रकार परिषदेत बसून ‘वेळ द्या’ म्हणणाऱ्याला कशाला?