अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडलाय, चकाकी परत कशी आणू?

सोड्याने घासत असाल तर आधी ते थांबवा. काळेपणा बहुतेक वेळा क्षारांच्या पाण्याने येतो आणि सोडा तो वाढवतोच. इथे आंबट हवं. काळ्या रेघेच्या वर येईल इतकं पाणी घ्या, त्यात पिळलेल्या लिंबांची सालं किंवा चार-पाच आमसुलं टाका आणि झाकण न लावता पंधरा मिनिटं उकळा. डाग कडेपासून फिकट होत जातो. मग साध्या घासणीने लगेच धुवा, आंबट पाणी रात्रभर ठेवू नका. पुढे भात लावताना कुकरच्या तळच्या पाण्यात एखादं साल टाकत जा. आमच्या आईची ही सवय, तिचा कुकर आतून कधी काळा दिसला नाही.

बाहेरून आरसा हवा असेल तर मात्र मेहनत आहे: ओला पॉलिश पेपर ४००, ८००, १२०० नंबरचा क्रमाने, शेवटी मेटल पॉलिश. फडकं काळंकुट्ट होईल, घाबरू नका, तो घासून निघालेला धातूच.

कुकर मुळातच काळा, हार्ड अ‍ॅनोडाइज्ड (धातूवर मुद्दाम तयार केलेला कडक थर असलेला) असेल तर यातलं काहीही करू नका. तो थर म्हणजे मळ नव्हे.