डासाच्या पोटातला विषाणू

प्रश्न : आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत डेंग्यूचे तीन पेशंट निघाले. आरोग्य खात्याची माणसं नळीनं डास धरून घेऊन गेली. एवढ्याशा डासात विषाणू सापडतो का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सापडतो, ताई. प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं हेच काम केलं. आधी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती या डासाच्या माद्या निवडायच्या, कारण रक्त पिते ती मादीच. साथीतही बहुतेक माद्यांत विषाणू नसतो, म्हणून २५-३० एकत्र कुटून आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणूचा आरएनए (जनुकीय द्रव्य) शोधणारी चाचणी, करतात. डास बर्फातूनच आणायचे, नाहीतर हा आरएनए खराब होतो.

रक्तानं पोट फुगलेली मादी मात्र मी कायम बाजूला ठेवायचे. तिच्यातला विषाणू नुकत्याच चावलेल्या पेशंटच्या रक्तातलाही असू शकतो! विषाणू पोटातून पसरत तिच्या लाळेत उतरायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात, आणि तेव्हाच ती डेंग्यू पसरवू शकते. म्हणून डोकं पोटापासून वेगळं करून तपासलेलं मला जास्त खात्रीचं वाटतं.

आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी निर्धास्त होऊ नका. धरलेले डास मूठभर, गल्लीत उरलेले कितीतरी. पाण्याचं बॅरल आठवड्याला रिकामं करून आतून घासा. अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात.