२ टनाचा एसी घेण्याआधी पश्चिमेचं ऊन अडवा

तुमचं वर्णन वाचलं. वरच्या मजल्यावरची साधारण १२ चौरस मीटरची खोली, पश्चिमेला २ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच काच. दीड टनाचा एसी सकाळी हवं तेवढं गार करतो. दुपारी तीननंतर मात्र २४ वर लावूनही खोली २८-२९ च्या खाली येत नाही आणि रात्री दहापर्यंत तीच रडकथा. मेकॅनिकने गॅस भरला, फरक शून्य. आता २ टनाचा घ्यावा का आणि आउटडोअर युनिटवर सावली करावी का, हे तुमचे दोन प्रश्न.

माझं मत स्पष्ट आहे, एसी एवढ्यात बदलू नका. आधी मशीन ठीक आहे का ते स्वतःच तपासा. फिल्टर धुऊन घ्या. मग दुपारी चार वाजता, एसी अर्धा तास चालल्यावर, इनडोअर युनिट वरून जी हवा ओढतं तिचं आणि खालून जी गार हवा सोडतं तिचं तापमान मोजा. फरक ८ ते १२ अंश असेल तर मशीन आपलं काम करतंय. गॅसबद्दल एवढंच सांगतो की तो वापरून संपत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. खरोखर कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरला तर तोही निघून जाणार.

आता उन्हाचा हिशोब करू. स्वच्छ आकाशात भर दुपारी सूर्याकडे तोंड केलेल्या १ चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. संध्याकाळकडे सूर्य उतरतो तसा तो पश्चिमेच्या काचेच्या जवळजवळ समोर येतो, आणि त्या वेळी काचेवर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास सहज पडतात. साध्या काचेतून त्यातलं ८५ टक्क्यांच्या आसपास आत येतं. तुमची काच ३ चौरस मीटर, म्हणजे दीड किलोवॅट. दीड किलोवॅटचा हीटर खिडकीत ठेवून चालू केल्यासारखंच आहे हे. तुमच्या दीड टनाची क्षमता आहे ५.२ किलोवॅट, म्हणजे तीस टक्क्यांच्या आसपास ताकद नुसती ही एक खिडकी खाते. त्यात ती ५.२ ची क्षमता सहसा बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. बाहेर ४२ झालं की मशीन तेवढं देऊ शकत नाही. ज्या वेळी काम सगळ्यात जास्त, नेमकी त्याच वेळी ताकद कमी.

हे ऊन एकदा आत आलं की परत जात नाही. काच प्रकाश आत सोडते, पण तापलेल्या फरशीतून, गादीतून निघणारी उष्णता तिच्यातून आरपार बाहेर पडू शकत नाही. म्हणून आतल्या पडद्याचा उपयोग लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. पांढऱ्या अस्तराचा पडदा काही प्रकाश काचेतून परत फेकतो, तेवढा फायदा नक्की होतो. गडद रंगाचा पडदा स्वतः तापतो आणि त्यातली बरीचशी उष्णता खोलीत सोडतो.

ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं असतं. त्यातही छज्जावर विसंबू नका. छज्जा डोक्यावरच्या सूर्यासाठी असतो. ६० सेंमीचा छज्जा सूर्य समोर ४५ अंशांवर असताना खिडकीचा वरचा ६० सेंमी भाग झाकतो. तोच सूर्य २० अंशांवर आला की जेमतेम २२ सेंमी. पश्चिमेला उभा आडोसाच लागतो: बाहेरून सोडलेला बांबूचा पडदा, दाट शेडनेट, सरकत्या झडपा किंवा वेल चढवलेली जाळी. आडोसा आणि काच यांच्यात वीतभर अंतर ठेवा, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाईल. बाहेर काही लावायची परवानगीच नसेल तर काचेवर फिल्म हा पुढचा पर्याय. फिल्म घेताना ती किती काळी दिसते यावर जाऊ नका, ऊन परावर्तित किती करते ते विचारा. नुसती काळी फिल्म ऊन शोषते, काच तापते आणि त्यातला काही भाग आत येतोच. दुहेरी काच असेल तर काच बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय फिल्म लावू नका, असमान तापून ती तडकू शकते.

एवढं करूनही रात्री दहापर्यंतचा उकाडा पूर्ण जाणार नाही, कारण त्याचा धनी वेगळा आहे. तो तुमचा स्लॅब. दिवसभर वरून तापलेलं काँक्रीट ती उष्णता आत पोचवायला चार-पाच तास घेतं. म्हणून सूर्य मावळल्यावर छत सर्वांत गरम असतं. हात लावून बघा. ३८-४० अंशांचं छत आपल्या अंगावर सरळ उष्णता फेकत असतं, आणि माणसाला जे जाणवतं ते हवेचं आणि भोवतालच्या पृष्ठभागांचं मिळून. हवा २६ अंश असूनही अशा छताखाली चैन पडत नाही, मग आपण रिमोटवर २०, १८ करत जातो. त्याने काहीही साधत नाही. मशीन आधीच पूर्ण जोर लावत असतं.

इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तुमच्या खोलीतली हवा सगळी मिळून ४० किलोच्या आसपास भरेल. ती १० अंशांनी गार करायला तुमच्या एसीला, भिंती नसत्या तर, दीड मिनिटसुद्धा लागलं नसतं! तो तासन्‌तास राबतो ते भिंती, स्लॅब, कपाट आणि गादी यांच्यात मुरलेली उष्णता काढायला. ती मुरू न देणं हा खरा उपाय. म्हणून खोली तापल्यावर चार वाजता एसी लावून झगडण्यापेक्षा दुपारी एकच्या सुमारास २६ वर लावा, सोबत पंखा हळू ठेवा. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम आहे तोवर खिडक्या बंद. पहाटे बाहेर गार असेल तर सताड उघडा.

गच्ची तुमच्या ताब्यात असेल तर तिला पांढरा परावर्तक रंग द्या. गडद गच्ची उन्हात ६५ अंशांपर्यंत जाऊ शकते, पांढरी त्याहून कितीतरी गार राहते. आधी गळती आणि भेगा बुजवून घ्या, आणि दर उन्हाळ्याआधी गच्ची धुवा, कारण धूळ बसली की पांढरेपणाचा गुण जातो. इन्सुलेशन करायचं ठरलं तर ते स्लॅबच्या वरून केलेलं चांगलं, म्हणजे काँक्रीट तापतच नाही. गच्ची दुसऱ्याची असेल तर खालून फॉल्स सीलिंग, त्यावर इन्सुलेशन.

आउटडोअर युनिटच्या सावलीचं महत्त्व फार वाढवून सांगितलं जातं. त्या डब्यावर पडणारं ऊन फार तर ३००-४०० वॅट, आणि तो बाहेर टाकतो ६-७ किलोवॅट. त्याच्यातून तासाला २००० घनमीटरच्या आसपास हवा वाहते. ते सगळं ऊन त्या हवेत मिसळलं तरी ती अर्ध्या अंशाच्या आसपासच वाढेल. मी स्वतः काही वर्षांपूर्वी युनिटला तिन्ही बाजूंनी पत्र्याची पेटी करून घेतली होती. तापलेली हवा आतच घुटमळत राहिली आणि ऐन कडक दिवसांत कंप्रेसर पुन्हा पुन्हा बंद पडू लागला. पेटी काढली त्या दिवशी तक्रार संपली. सावली करायचीच तर वरून, हातभर अंतरावर, चारही बाजू मोकळ्या. त्यापेक्षा मागची जाळी धुऊन घ्या, युनिटसमोरचं सामान हलवा.

जाता जाता, तुमच्या रिमोटमध्ये खोलीचं तापमान मोजायची सोय असेल तर तो उन्हाच्या तिरिपेत ठेवू नका. एसीला खोली आहे त्याहून गरम वाटेल आणि तो विनाकारण जोरात चालत राहील.

पैसे खर्च करण्याआधी एक प्रयोग करा. दोन दिवस खिडकीबाहेरून जाड पांढरी चादर घट्ट बांधा, बाकी काही बदलू नका. आदल्या दिवशी चादरीशिवाय आणि मग या दोन्ही दिवशी संध्याकाळी पाचला आणि रात्री नऊला खोलीचं तापमान लिहून ठेवा, छताला हात लावून पाहा. चादरीने पाचचा आकडा उतरला आणि नऊचा तसाच राहिला, तर खिडकीचं काम झालं, गच्चीचं बाकी आहे. दोन्ही तसेच राहिले तर एसी ओढतो आणि सोडतो त्या हवेच्या तापमानाचे आकडे मला कळवा, मग मशीनबद्दल बोलू.