मधला लांब थांबा आणि आधीचं विमान

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिल्यांदाच देश सोडून राहायला निघालात, तिकीट काढून झालंय, सोबत दोन मोठ्या बॅगा आहेत. मधल्या विमानतळावर अकरा तास काढायचेत, आणि तुम्ही उतरल्यावर तीनेक तासांनी त्याच कंपनीचं एक विमान तुमच्याच शहराला जाताना दिसतंय. ते घेता येईल का, आणि मागायचं कुणाकडे?

बऱ्याचदा घेता येतं. पण विमानतळावर पोचून मागायचा बेत ठेवू नका. घरी बसून, निघायच्या आधीच मागा. याचं कारण तुमच्या बॅगा.

पाठीवर एक सॅक घेऊन फिरणाऱ्याला ऐनवेळी विमान बदलणं सोपं असतं. सीट रिकामी असली की झालं. राहायला जाणाऱ्याचं तसं नसतं. पहिल्या विमानतळावर काउंटरवर बॅगेला जी पट्टी लावतात, तिच्यावर प्रत्येक टप्प्याच्या विमानाचा नंबर छापलेला असतो, आणि बॅग त्या पट्टीप्रमाणेच जाते. तुम्ही मधेच विमान बदललंत, तर मधल्या विमानतळावरच्या हजारो बॅगांतून तुमच्या दोन शोधून त्यांचा मार्ग बदलावा लागतो. शिवाय प्रवासी एका विमानात आणि त्याची बॅग दुसऱ्यात, हे आंतरराष्ट्रीय उड्डाणांत सहसा चालत नाही. १९८५ साली एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आणि १९८८ साली स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन अॅम या अमेरिकन कंपनीचं विमान बॅगेतल्या बॉम्बने पडलं, त्यानंतर हे नियम फार कडक झाले. म्हणून सीट दिसत असूनही ट्रान्सफर डेस्कवरचा (मधल्या विमानतळावर पुढच्या विमानाचं बघणाऱ्या काउंटरवरचा) माणूस ‘बॅगा चेक-इन आहेत का?’ हे पहिलं विचारतो, आणि हो म्हटलं की पुष्कळदा नकार देतो. त्यात त्याचा आडमुठेपणा नसतो. हाच बदल बॅगांना पट्टी लागायच्या आधी झालेला असेल तर काहीच अडत नाही, नवी पट्टी नव्या विमानाचीच निघते.

आता तुमचं तिकीट बघा. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर आहेत, असं धरून मी लिहितोय. वेगवेगळी तिकिटं असतील तर पुढचं विमान हा तुमच्यापुरता स्वतंत्र प्रवास. तो बदलता येतो, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीवर जबाबदारी राहत नाही. अशा वेळी अकरा तासांचा थांबा तसाच राहू द्या, असं मी सांगेन.

ई-तिकिटाचा १३ आकडी नंबर असतो, पीएनआर म्हणजे आरक्षणाचा कोड वेगळा. त्यातले पहिले तीन आकडे ज्या कंपनीने तिकीट दिलं तिचे: एअर इंडियाचे ०९८, लुफ्तान्साचे २२०, युनायटेडचे ०१६. बदल करायचा अधिकार याच कंपनीकडे असतो, मग कोडशेअरमध्ये, म्हणजे एका कंपनीच्या नंबरावर दुसरीचं विमान उडतं तेव्हा, प्रत्यक्ष विमान दुसऱ्या कुणाचं का असेना. चुकीच्या कंपनीला फोन केला की तासभर होल्डवर राहून ‘आम्हाला हे तिकीट उघडता येत नाही’ एवढंच ऐकायला मिळतं. तिकीट एजंटाकडून किंवा एखाद्या वेबसाइटवरून काढलं असेल तर निघेपर्यंत कंपनी बहुधा त्यांच्याकडेच पाठवते.

‘सीट दिसतेय, मग पैसे कशाचे?’ असं सगळ्यांनाच वाटतं. इकॉनॉमीतल्या सीटही वेगवेगळ्या भावाच्या गटांत विकतात, आणि प्रत्येक गटाला एक अक्षर असतं. तुमच्या तिकिटावर जे अक्षर आहे, त्या गटातली सीट आधीच्या विमानात शिल्लक असेल तर फक्त बदलाची फी, आणि काही तिकिटांवर तीही नाही. ती नसेल तर भावातला फरकही भरायचा. कधी तर अक्षर मोकळं दिसूनही बदल होत नाही, कारण दोन्ही टप्पे एक जोडी म्हणून विकलेले असतात आणि त्यातला एकच सुटा करायला सिस्टम तयार नसते. तेव्हा ‘फक्त दुसरा टप्पा बदला’ म्हणण्याऐवजी ‘पूर्ण प्रवास याच तारखेला, याच पहिल्या विमानाने आणि या दुसऱ्या विमानाने परत शोधून बघा’ असं म्हणा. दोन्ही विमानांचे नंबर आणि वेळा समोर लिहून ठेवा. ‘आधीचं कुठलंही चालेल’ म्हणणाऱ्यापेक्षा नेमका नंबर सांगणाऱ्याचं काम लवकर होतं.

बदल झाला की एक गोष्ट न विसरता विचारा: तिकीट रीइश्यू झालं का, म्हणजे नव्याने निघालं का? आरक्षणात नवं विमान दिसणं आणि त्या विमानाचं तिकीट निघणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दुसरी राहिली तर चेक-इन काउंटरवर अडतं, आणि परदेशी निघण्याच्या दिवशी ती धावपळ फार जीवघेणी होते. रीइश्यूनंतर सहसा नवा १३ आकडी नंबर मिळतो. तो ईमेलवर आल्याशिवाय फोन ठेवू नका. निवडलेल्या सीट, व्हीलचेअर, जादा बॅगेचे भरलेले पैसे हे सगळं नव्या विमानावर आलंय का, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

पैसे न भरता बदल मिळण्याची सगळ्यात चांगली संधी कंपनीच देते. तिकीट काढल्यावर प्रवासापर्यंत वेळापत्रक बदलल्याचा ईमेल येऊ शकतो. ‘स्वीकारा’ हे बटण लगेच दाबू नका. कंपनीने स्वतः वेळ हलवली असली की पुष्कळ कंपन्या तुम्ही सांगाल ते सोयीचं विमान फुकट देतात, मात्र एकदा स्वीकारल्यावर ती मुभा जाते. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रवासात निघणं ६ तास किंवा त्याहून जास्त अलीकडे किंवा पोचणं तितकं पलीकडे गेलं आणि तुम्ही तो बदल नाकारलात, तर पैसे परत मागायचा हक्कही तिथल्या नियमाने मिळतो.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. तुमचा मधला थांबा नेमका कुठे आहे? तो त्रयस्थ देशात असेल तर खुशाल कमी करा. पण ज्या देशात राहायला चाललात, त्याच देशातल्या पहिल्या विमानतळावर तो असेल, तर त्याला हात लावू नका. अमेरिकेत आणि कॅनडात इमिग्रेशन पहिल्या विमानतळावरच होतं. अमेरिकेत तर सहसा बॅगाही तिथे घेऊन, कस्टममधून काढून परत द्याव्या लागतात. पर्यटकाचं काम बहुधा काउंटरवरच होतं. तुमचं कदाचित वेगळ्या खोलीत होईल: कॅनडाचं स्टडी परमिट तिथेच तयार होऊन हातात मिळतं, पीआरवाल्यांची, म्हणजे कायमचं राहायची परवानगी मिळालेल्यांची, कागदपत्रं तिथेच तपासतात. ऑगस्टच्या शेवटी त्या खोलीत विद्यार्थ्यांची रांग बाहेरपर्यंत आलेली असते. समोर बसलेला प्रत्येकजण घड्याळ आणि दार बघत असतो, आणि तिथे ‘माझं विमान आहे’ म्हणून कुणाला पुढे घेत नाहीत. परमिटवरचं नाव, जन्मतारीख, मुदत हे सगळं अधिकाऱ्यासमोरच वाचून बघायला हवं. पळत्या माणसाकडून ते होत नाही. माझ्या मते अशा ठिकाणी चार तास हवेतच, सहा असले तर आणखी बरं. अबू धाबीहून किंवा डब्लिनहून अमेरिकेला जाणार असाल तर अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसायच्या आधी तिथेच होतं, म्हणजे हा हिशेब तिथल्या थांब्याला लावायचा.

वेबसाइट साठ-सत्तर मिनिटांचं कनेक्शनही विकते, कारण त्या विमानतळाच्या किमान वेळेच्या नियमात ते बसतं. नियमात बसलं म्हणजे बॅगांसकट जमेल असं नाही. नवं विमान दिवसातलं शेवटचं नाही ना, एवढं जरूर बघा. ते चुकलं तरी पुढे दुसरं असलं पाहिजे.

अॅपमध्ये शहराचं नाव बघून फसू नका. लंडन लिहिलेलं असतं, पण तुम्ही उतरता हीथ्रोला आणि ते विमान सुटतं गॅटविकहून. टोकियोत हानेडा आणि नारिताचं तसंच. मधे बाहेर पडावं लागलं म्हणजे त्या देशाचा व्हिसा आला. मार्गच बदलत असेल तर ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे नुसतं मधे थांबायला लागणारा व्हिसा, नव्याने तपासा. शेंगेनमधल्या (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) दोन विमानतळांवर थांबे आले, तर त्यांच्यामधलं उड्डाण देशांतर्गत धरतात, आणि तिथे विमानतळाबाहेर न पडणाऱ्यांचा एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा पुरत नाही.

एवढं करून आधी काही जमलं नाही, तर त्या दिवशी एकदा विचारायला हरकत नाही. पहिल्या काउंटरवर, बॅगा पट्ट्यावर सरकायच्या आत विचारा. नाहीतर उतरल्याबरोबर थेट ट्रान्सफर डेस्कवर जा. बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेली बॅगेची छोटी पावती हाताशी ठेवा. मला एकदा असं विमान मिळालं तेव्हा डेस्कवरच्या बाईंनी सीट बघायच्या आधी त्या पावतीवरचा नंबर टाइप केला, बॅगेज विभागाला फोन लावला, बॅग अजून मूळ विमानात चढलेली नाही हे ऐकलं आणि मगच नवा बोर्डिंग पास छापला. ‘स्टँडबायवर नाव टाकते’ (म्हणजे सीट रिकामी राहिली तर मिळेल) असं कुणी म्हणालं, तर मूळ विमानातली सीट कायम राहते ना, हे आधी विचारून घ्या. अमेरिकन कंपन्यांच्या अॅपमध्ये त्याच दिवशी बदल किंवा स्टँडबाय मागता येतं, पण ते मुख्यतः देशांतर्गत टप्प्यांसाठी, आणि सगळ्यात स्वस्त तिकिटांवर बरेचदा नसतं.

लांब थांब्यासाठी कंपनीने हॉटेल दिलं असेल तर बदल केल्यावर ते जातं. आणि पलीकडे कुणी न्यायला येणार असेल तर नव्या विमानाचा नंबर लगेच कळवा.

तुम्ही पोचलात आणि बॅग मागे राहिली, तर बाहेर पडायच्या आधी त्याच हॉलमधल्या बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या. बॅग उशिरा मिळाली तर हातात आल्यापासून २१ दिवसांत आणि मोडलेली मिळाली तर ७ दिवसांत कंपनीला लेखी कळवावं लागतं. कागदपत्रं, औषधं आणि पहिल्या दोन दिवसांचे कपडे मात्र केबिन बॅगेतच ठेवा, विमान बदला किंवा न बदला.